निळ्या ‘ई’च्या पांघरुणातला कोल्हा

काचीगुडा, हैदराबाद
४ फेब्रुवारी २०२५

शिवराजभाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. तुमच्या दादांनी परवाच गल्लीतल्या भाजीवाल्याशी अर्धा तास भांडण केलं, म्हणजे तब्येत उत्तम.

पत्र अशासाठी लिहायले की फोनवर बोलायची सोय नाही. तुम्हाला फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लाव म्हणतात. मेसेज टाकावा तर स्वतःच्या फोनची बॅटरी उतरली की माझाच घेऊन बसतात, आणि घेतला की वरपासून खालपर्यंत सगळं वाचतात. ईमेल तर घरात एकच, तोही यांच्या नावाचा. राहिलं पोस्ट.

तर ऐका. गौलीगुड्याच्या आपल्या मंडळानं म्हाताऱ्या माणसांसाठी संगणकाचा वर्ग काढलाय. दोन मार्चपासून, आठ रविवार. शिकवणार कोण, तर तुमचे दादा. मंडळाचे लोक घरी आले, शाल घातली, ‘काचीगुड्याला पहिला कॉम्प्युटर आणणारे प्रतापराव बिरादार सर’ म्हणाले, आणि यांनी चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं. यांच्या जुन्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमधले विद्यार्थी यायलेत, नातवंडांचे लॅपटॉप घेऊन.

आता पंचाईत सांगते. यांच्या कॉम्प्युटरवर अजून तो जुना निळा ‘ई’ आहे. इंटरनेट बघायचं ते त्याच्यातूनच. त्याला कंपनीनं कधीच पेन्शनीत काढलंय. रेल्वेचं तिकीट काढायला गेले, पान उघडेना. बँकेचं उघडलं तर पांढरं फटक, वर लिहिलेलं की तुमचा ब्राउझर जुना झाला. हे म्हणतात, सगळ्यांच्या साइटा बिघडल्यात, पोट्ट्यांना काम करता येत नाही. ब्राउझर बदला म्हटलं की ताटावरून उठतात.

भाऊजी, पंचवीसतीस माणसांपुढे यांची फजिती होणार आणि मला ती बघवायची नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, त्याच्याकडे ‘सर’ एवढंच उरलंय. तुम्ही बोलून बघा, तुमचं ऐकतात. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नका. उत्तर तातेराव गायकवाडांच्या तारनाक्याच्या पत्त्यावर टाका. तुमच्याच बॅचचे ते, रेल्वेतून रिटायर झालेत, दर गुरुवारी यांना भेटायला येतात. आणून देतील.

तुमची वहिनी
जयवंता

पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनींस शिवराजचा सा. नमस्कार.

पत्र वाचून इतका हसलो की डोळ्यांच्या डॉक्टरांनी दटावलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून तिकडे येता येत नाही, नाहीतर आलोच असतो.

दादाला फोन केला. अगदी सहज म्हटलं, दादा, कोणता ब्राउझर वापरतोस? तो म्हणाला, “तू मला विचारणार? तुझ्या हातात पहिली फ्लॉपी कुणी दिली?” आणि ठेवला. वहिनी, खरं सांगू, मला त्याची काळजी वाटली. या वयात नवी गोष्ट नको वाटणं, चिडचिड, हे विसराळूपणाचं पहिलं लक्षण असतं म्हणतात. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

कारण तो दादा असा नव्हता हो. अठ्ठ्याऐंशी साल आठवतं का? मशीन आलं त्या दिवशी आख्खी गल्ली चपला बाहेर काढून आत आली होती. घरात पंखा एक, आणि मशीनच्या खोलीला एसी. काळा पडदा, हिरवी अक्षरं. दादा काठी घेऊन सांगायचा, “हा ए ड्राइव्ह, हा बी ड्राइव्ह, मधे बोट घालणाऱ्याला घरी पाठवीन.” गावाकडे नांगर धरलेला माणूस, आणि एकटा पुस्तकातून सगळं शिकला. काय डोकं असेल. मी पुढे तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मोठमोठ्या कॉलेजांतली माणसं बघितली, पण असा शिक्षक नाही.

आणि ती खंडेनवमी. आपल्याकडे शस्त्रं-अवजारं पुजतात म्हणून दादानं मशीनला झेंडूचा हार घातला आणि मशीन सुरू करायच्या डॉसच्या फ्लॉपीवर हळदीकुंकू वाहिलं, नेमकं आतली चकती दिसते त्या उघड्या खिडकीवर. दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. हजार-हजार रुपये फी भरलेली पोरं तोंडं बघत उभी. दादा शांतपणे आत गेला आणि दुसरी फ्लॉपी घेऊन आला. आधीच नक्कल करून ठेवलेली. याला म्हणतात दूरदृष्टी.

ब्राउझर बदलणं अवघड नसतं. खाली सगळं क्रमवार लिहिलंय. पण तुम्ही या भानगडीत पडू नका, त्याचा आपल्या घरात बायकांच्या डोक्याला ताप नको. तातेरावला दाखवा, तो जाणकार आहे. तुम्ही त्याला चहा करून द्या म्हणजे झालं.

आपला
शिवराज

काचीगुडा
१६ फेब्रुवारी २०२५

शिवराजभाऊजी,

तातेरावांना चहा दिला. तुमचा कागद दाखवला नाही. कागद वाचायच्या आधीच काम होऊन गेलं होतं.

बुधवारी हे दाढीला गेले तेव्हा बसले. तो कोल्ह्याचं चित्र असलेला ब्राउझर उतरवून घेतला. यांच्या जुन्या मशीनवर तो रंगीत चक्रीवाला दुसरा ब्राउझर चालत नाही, कोल्हा अजून चालतो, हे मी आधी वाचून ठेवलं होतं. निळ्या ‘ई’मधली यांची आवडत्या पानांची यादी कोल्ह्यात आणली. पंचांग, रेल्वे, पेपर, सगळं जिथल्या तिथे. मग विचार आला की हे कोल्हा बघितल्याबरोबर घर डोक्यावर घेतील. म्हणून कोल्ह्याचं चित्र काढून तिथे निळा ‘ई’ लावला. नावही तेच दिलं. आत कोल्हा, वर ‘ई’चं पांघरूण.

हे आले, टिचकी मारली, रेल्वेचं पान फटकन उघडलं. मला हाक मारली. “बघ, मी म्हणत नव्हतो? त्यांच्याच साइटा बिघडल्या होत्या. केल्या वाटतं दुरुस्त.” मी म्हटलं, “हौ, तुम्ही इतके ओरडलात, त्यांना ऐकू गेलं असेल.” मग आत जाऊन पदर तोंडात धरून हसले.

आता तुमच्या पत्राचं. विसराळूपणा वगैरे काही नाही, तेवढं डोक्यातून काढा. आणि आणखी एक गोष्ट काढा. लिहिणार नव्हते, पण तुम्ही ‘बायकांच्या डोक्याला ताप’ लिहिलंत म्हणून लिहायले.

भाऊजी, तुमचे दादा एकटे पुस्तकातून शिकले नाहीत. मशीनबरोबर दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली. यांनी पहिलं पान उघडलं आणि संध्याकाळपर्यंत तेच पान. तोंड उतरून गेलं. शेत विकून मशीन आणलेलं, पोरांच्या फिया घेतलेल्या. मी लग्नाआधी टायपिंगच्या लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा दिलेल्या, अर्थ कळो न कळो, इंग्रजी बोटांना पाठ होतं. डिक्शनरी घेऊन बसले. पहाटे नळ यायच्या आधी एक तास मशीनवर, मग वहीत मराठीतून सगळं लिहून काढायचं. हे नाश्ता करता करता वही पाठ करायचे आणि दहा वाजता तुम्हाला शिकवायचे. हे तुमच्या एक धडा पुढे, आणि मी यांच्या एक धडा पुढे. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस, आणि शेवटी इंटरनेट. ‘आधी नक्कल करा’ असं पुस्तकाच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं, म्हणून मी नक्कल केली. दूरदृष्टी कसली, सांगितलेलं ऐकलं.

हे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही विसराळू म्हणायला लागलात तेव्हा राहवलं नाही.

वर्गाला दोन आठवडे आहेत. यांचा ‘ई’ आता पळतोय, फजितीचं संकट टळलं.

तुमची वहिनी

पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनी,

एका डोळ्यावर पट्टी आहे, ओळी वाकड्या जातील. तुमचं पत्र सुनेनं वाचून दाखवलं, आणि मी तिला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

माझ्या मागच्या पत्रातलं ते चहाचं वाक्य कात्रीनं कापून टाका. मला लाज वाटते.

दोन दिवस एकच गोष्ट आठवतेय. क्लास चालू असताना तुम्ही दारात येऊन म्हणायच्या, “अहो, दूध उतू चाललंय.” दादा काठी ठेवून आत जायचा, दोन मिनिटांनी यायचा आणि म्हणायचा, “हां, मघाशी मी सांगितलं त्यात एक दुरुस्ती.” आम्ही पोरं मागे हसायचो. बिरादार सरांच्या बायकोला साधं दूध तापवता येत नाही, रोज उतू घालवते. तातेराव तर तुमची नक्कल करायचा. वहिनी, त्या घरात कधीच दूध उतू गेलं नसणार. तुम्ही पडद्यामागून ऐकत होतात आणि दादा चुकला की त्याला आत बोलावत होतात. मी तीस वर्षं ज्याच्या जिवावर पगार घेतला तो धडा तुमचा होता, आणि मी तुम्हाला हसत होतो.

संकट टळलं म्हणता, पण टळलं नाही. वर्गात लोक स्वतःचे लॅपटॉप आणणार. त्यांच्यावर निळा ‘ई’ नसेल. कुणाकडे कोल्हा, कुणाकडे चक्री, कुणाकडे आणखी काही. दादा सगळ्यांना सांगेल, ‘निळ्या ई वर टिचकी मारा’, आणि पहिल्या पाच मिनिटांत तमाशा होईल. पांघरूण घालून तुम्ही त्याला आणखी अंधारात ठेवलंय. दोन मार्चच्या आधी त्याला खरं सांगा. किंवा सरळ वर्ग तुम्हीच घ्या. त्याला राग आला तर माझं नाव सांगा.

तुमचा
शिवराज

काचीगुडा
३ मार्च २०२५

चि. शिवराज यास अनेक आशीर्वाद.

तुझं २२ तारखेचं पत्र मिळालं. ते मला लिहिलेलं नव्हतं, तरी मिळालं. तातेराव गुरुवारी आला, खिशातून पाकीट डोकावत होतं, मी विचारलं काय आहे रे ते. छत्तीस वर्षं रेल्वेत नोकरी केलेला माणूस, पण माझ्यासमोर खोटं बोलणं त्याला अजून जमत नाही. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं मी तुला लहानपणी शिकवलंय, ते बरोबरच आहे. तू पाळ.

आधी त्या कोल्ह्याचं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. निळ्या ‘ई’ला मी वीस वर्षं ओळखतो. तो जन्मात इतक्या लवकर उघडला नाही. वर डाव्या कोपऱ्यातल्या खुणा वेगळ्या, खाली कुठेतरी कोल्ह्याची शेपटी दिसली. मला हौला, खुळा समजता काय तुम्ही दोघं? मी गप्प बसलो, कारण ती आत जाऊन हसत होती, आणि तिला तसं हसताना पाहून फार दिवस झाले होते.

मी ब्राउझर का बदलत नव्हतो यावर तुम्ही आपसात लिहीत बसलात, मला सरळ विचारायचं होतंत. निळ्या ‘ई’चा धडा तिनं शिकवलेला शेवटचा धडा होता. मग आपला क्लास बंद पडला, मशीन माझ्या खोलीत आलं, ती स्वयंपाकघरात राहिली. पुढचा धडा मागायला तोंड नव्हतं. इतकी वर्षं तिच्या वहीवर सर म्हणवून घेतलं आणि एकदाही कुणाला सांगितलं नाही. त्या माणसानं परत जाऊन काय म्हणायचं, आता पुढचं सांग? म्हणून म्हणत राहिलो, साइटा बिघडल्यात.

तुझं पत्र वाचून तिला काही बोललो नाही. पाकीट परत चिकटवून तातेरावच्या हातून तिला पोचवलं. तिनंही मला काही सांगितलं नाही. शनिवारी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा भाजी काय करू विचारलं.

रविवारी गेलो. सव्वीस माणसं. फळ्यावर माझं नाव, टेबलावर गुलदस्ता. ती पहिल्या रांगेत. मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो, तेवढ्यात वर्गातल्या मुकुंदरावांनी लॅपटॉप वर केला. “सर, इथे कशावर टिचकी मारायची? माझ्याकडे वेगळंच चित्र आहे.” मी बघितलं. ते चित्र मी पहिल्यांदा बघत होतो. सवयीनं दाराकडे पाहिलं, दूध उतू चाललंय म्हणायला कुणी आहे का. कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “मुकुंदराव, याचं उत्तर मला येत नाही. अठ्ठ्याऐंशी सालीही मला येत नव्हतं. तेव्हा मी आत जाऊन हिला विचारून यायचो.” लोक हसले. त्यांना वाटलं सर गंमत करायलेत. म्हणून मला सगळं सांगावं लागलं. पुस्तकं, वही, पहाटेचा तास, ती नक्कल केलेली फ्लॉपी. हसणं हळूहळू थांबलं. तातेराव मागच्या रांगेत उभा राहिला, तो का उभा राहिला त्यालाही माहीत नसावं. आणि तुझी वहिनी माझ्याकडे बघेना. पर्स उघडून काहीतरी शोधत होती, सापडत नव्हतं.

मग ती उठली. मुकुंदरावांच्या लॅपटॉपपाशी गेली, चष्मा लावला आणि सुरुवात केली. दीड तास सलग. मी खुर्ची ओढून बसलो.

सगळं चांगलं झालं. पण घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. वेळेवर वाढते, गोळ्या देते, बोलत नाही. मी खरं सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, आता आणखी काय करायला पाहिजे ते मला समजत नाही. तू तिला लिही. तुझ्या पत्राला ती उत्तर देते.

तुझा
दादा

पुणे
८ मार्च २०२५

ती. वहिनी,

दादाचं पत्र आलं. सगळं कळलं. सुनेनं वाचलं आणि मधेच थांबून नाक पुसलं, मीही काळ्या चष्म्याच्या आत काय ते केलं. डॉक्टरांनी पुन्हा दटावलं.

एकच विचारतो. तुम्ही रागावलात का? माझ्यावर असाल तर मी येऊन पाय धरतो. दादावर असाल तर त्याला कारण सांगा, तो परेशान झालाय. त्याला वाटतंय की त्याचं काहीतरी चुकलं, आणि काय ते त्याला सापडत नाही.

शिवराज

काचीगुडा
१३ मार्च २०२५

शिवराजभाऊजी,

या पत्राचं उत्तर आमच्या घरच्याच पत्त्यावर टाका, तातेरावांची सुटका केली. ते माझ्याकडे आले आणि दूध उतू जाण्याची नक्कल केल्याबद्दल माफी मागायला लागले. मी म्हटलं, एकदा करून दाखवा, कशी करायचात ते तरी बघू. दाखवली. बरी करतात.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. कशाचा आला ते मलाच दोन दिवस कळेना. मी तुम्हाला लिहिलं होतं की मला त्याचं काही वाटत नाही. सदतीस वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले, आणि इतकं सांगितलं की खरं वाटायला लागलं होतं. हे सगळ्यांसमोर बोलायला लागले आणि मला कळलं की वाटत होतं, फार वाटत होतं. एवढं वर्षानुवर्षांचं साठलेलं एकदम सव्वीस माणसांत अंगावर आलं. रडायला जागा नाही, म्हणून पर्समध्ये तोंड घालून बसले. राग त्याचा होता. हे घरी, एकदा, फक्त मला का नाही म्हणाले?

पाच तारखेला, बुधवारी विचारलंच. हे म्हणाले, “तू कधी मागितलं नाहीस.” मी म्हटलं, मागून घेतलं असतं तर ते कौतुक कुठलं, ती भीक झाली. यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, “घरी म्हणायची हिंमत नव्हती. तिथे लोक होते, मागे फिरता आलं नाही.” तुमच्या दादांची हिंमत अशी उलटी आहे. मला हसू आलं, आणि हसल्यावर मी बोलायला लागले. सांगण्यासारखं खूप साठलं होतं, आमचं जेवण थंड झालं.

कोल्ह्यावरचं पांघरूण मी काढायला गेले तर म्हणाले, राहू दे, सवय झालीय. राहू दिलं.

आता नऊ तारखेच्या रविवारचं सांगते. मंडळानं विचारलं, शिकवणार कोण. हे म्हणाले, तिला विचारा. मी हो म्हटलं, आणि या वेळी चहा संपायची वाट बघितली. लोक आले, कुणी वहिनी म्हणतंय, कुणी काकू, एक तेलुगू शेजारीण अम्मा म्हणते. गृहपाठ दिला होता, आपापल्या ब्राउझरमध्ये आवडत्या पाच पानांची यादी करून आणायची. मी वर्गात फिरून बघत होते, तेवढ्यात मागच्या रांगेत हात वर झाला. तुमचे दादा. नवी वही, पेनाचं टोपण उघडं.

“बाई,” ते म्हणाले, “एक शंका आहे.”

भाऊजी, शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात. लग्न होण्यापूर्वी मला तेच व्हायचं होतं, आणि हे मी यांना सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकदाच. मला वाटलं होतं ते कधीच विसरून गेले.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी चष्मा काढून पुसला, परत लावला, वर्ग चालू होता.

मी विचारलं, “गृहपाठ केलाय?”

“नाही.”

“मग बसा. ज्यांनी केलाय त्यांचं आधी बघते.”

ते बसले.

जयवंता बिरादार